गणपतीच्या आधी तीन आठवडे: एका मुक्त सॉफ्टवेअरच्या रिलीजचं नियोजन

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या मुक्त सॉफ्टवेअर (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) प्रकल्पाचं आहे. प्रकल्पाचं, वाचनालयांचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. २०२४ च्या दोन्ही रिलीजची, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेल्या नव्या आवृत्त्यांची, जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणजे यातले बरेचसे निर्णय माझे किंवा माझ्या पुढाकारानं झालेले आहेत, आणि चुकलेलेही त्यातच आले.

पार्श्वभूमी

हे सॉफ्टवेअर छोट्या सार्वजनिक वाचनालयांसाठी आहे. देवघेव, सभासदांची वर्गणी आणि अनामत, दाखल नोंदवही आणि दिवाळी अंक योजना एवढं ते सांभाळतं. वापरणारी बहुतेक वाचनालयं सरकारी वर्गवारीतल्या ‘ब’ आणि ‘क’ वर्गातली आहेत: एक ग्रंथपाल, एखादा लेखनिक आणि एकच संगणक, तोही कुणीतरी देणगी म्हणून दिलेला. मोठ्या ग्रंथालयांसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि ते फार चांगलं आहे. पण कोहाला लिनक्सचा सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारं माणूस लागतं. आमच्या ग्रंथपालांना इन्स्टॉलरवर दोनदा क्लिक केलं की चालू होणारी गोष्ट हवी असते. म्हणून हे पायथन भाषेत आणि तिच्यातल्या जँगो या तयार चौकटीवर लिहिलेलं, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालणारं, विंडोजच्या साध्या संगणकावर बसणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं.

नियमित काम करणारे आम्ही सहा जण. मी हिंजवडीला टेस्टिंगमध्ये नोकरी करते. सिंहगड रस्त्याला राहणारे एक निवृत्त इंजिनिअर काका इन्स्टॉलर बनवतात. एक शाळेतल्या शिक्षिका चाचणी करतात. दोघे अनुभवी प्रोग्रॅमर आहेत, आणि त्या वेळी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी एरंडवण्यात एकाच्या घरी भेटायचं, बाकीचं फोनवर.

२०२३ पर्यंत रिलीजचं नियोजन असं काही नव्हतं. काम झालं की रिलीज. पाच-सहा वाचनालयं होती तोवर ते निभावलं. ती चाळीसच्या घरात गेली तेव्हा निभावणं बंद झालं, फक्त ते आमच्या लक्षात यायला दिवाळी जावी लागली.

प्रश्न कुठे सुरू झाला

दिवाळी अंक योजना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सभासद ठरावीक रक्कम भरतो आणि पुढचे दोन-तीन महिने एकामागून एक दिवाळी अंक नेऊन वाचतो. अनेक वाचनालयांचा वर्षातला सगळ्यात गर्दीचा काळ हाच. एकच अंक चार जणांना हवा असतो, त्यामुळे परत कधी येणार याची तारीख फार महत्त्वाची.

या योजनेचा भाग आम्ही नव्यानं लिहायला घेतला होता आणि १.८ हे रिलीज दसऱ्याला देऊ असं वाचनालयांना सांगितलं होतं. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता. काम झालं नव्हतं. आम्ही थांबलो, कारण ‘हेच तर त्यांना हवंय’. शेवटचा कोड २ नोव्हेंबरला मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, आणि ४ नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या सहा दिवस आधी, रिलीज बाहेर गेलं.

त्यात परतीची तारीख चुकत होती. अंक नेल्याच्या दिवसापासून मोजण्याऐवजी प्रोग्रॅम योजना सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजत होता. पहिले काही दिवस कुणाला कळलं नाही. नंतर काल नेलेल्या अंकावरसुद्धा आज दंड दिसायला लागला.

मी पेठेतल्या एका वाचनालयात संध्याकाळी सहाला पोचले तेव्हा काउंटरपुढे दहा-बारा माणसं उभी होती. ग्रंथपाल ताईंनी मॉनिटर बंद करून भिंतीकडे वळवून ठेवला होता आणि दोनशे पानी वहीत पट्टीनं रेघा मारून नोंदी चालल्या होत्या: सभासद क्रमांक, अंक, तारीख, सही. एक आजोबा त्यांना समजावत होते की पस्तीस वर्षांत त्यांना एकदाही दंड झालेला नाही. ताई मला रागावल्या नाहीत. ‘गर्दी ओसरली की बोलू हं’ एवढंच म्हणाल्या. दुरुस्ती मी त्याच रात्री दिली. पण ती वही त्यांनी जानेवारीपर्यंत संगणकाच्या जोडीनं चालू ठेवली, आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

त्यातच दुसरी गोष्ट अंगावर आली. आम्ही जँगो ३.२ वर होतो आणि त्याचा आधार एप्रिल २०२४ मध्ये संपणार होता. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. म्हणजे पुढचं रिलीज, ज्याला आम्ही २.० म्हणत होतो, टाळता येणार नव्हतं. आणि २.० च्या यादीत तोवर चार मोठी कामं साचली होती: जँगो ४.२, मराठी शोध सुधारणं, मोबाइलवरून सभासदांना दिसणारं पान आणि पावत्यांची नवी छपाई.

कोणते पर्याय होते

जानेवारी २०२४ च्या बैठकीत चार तास यावरच बोलणं झालं.

पहिला पर्याय: चारही कामं एप्रिलपर्यंत संपवून एकदम २.० द्यायचं. दोघांना हेच हवं होतं. वाचनालयांना एकदाच त्रास होईल हा त्यांचा मुद्दा खरा होता. पण दसऱ्याचा अनुभव ताजा होता. चारातलं एक अडलं की तीन तयार कामं त्याच्यासाठी थांबणार.

दुसरा: तयार होईल तेव्हाच द्यायचं. डेबियन ही लिनक्सची प्रणाली असंच करते, असं काका म्हणाले. डेबियनबद्दल माझ्याही मनात आदर आहे, पण त्यांचं ‘वुडी’ हे रिलीज जुलै २००२ मध्ये आलं आणि त्यानंतरचं ‘सार्ज’ जून २००५ मध्ये. पुढे डेबियननंही साधारण दोन वर्षांचा ठेका धरला आणि फ्रीझच्या, म्हणजे नवं काम आत घेणं थांबवण्याच्या, तारखा आधी जाहीर करायला सुरुवात केली. आमच्यापुढे तर एप्रिलची भिंत होती.

तिसरा: ठरलेल्या महिन्यात रिलीज, तयार असेल ते जाईल, बाकीचं पुढच्या वेळी. लिनक्सचीच उबुंटू ही प्रणाली एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, गनोम हा लिनक्सचा डेस्कटॉप मार्च आणि सप्टेंबरमध्ये, आणि कोहाही वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये. कोहाचंच वेळापत्रक उचलावं असं मी सुचवलं. ग्रंथालयांचंच सॉफ्टवेअर आहे, मग त्यांनी विचार करूनच ठरवलं असेल, असा माझा तर्क.

चौथा पर्याय चर्चेतून निघाला: पाया बदलण्याचं काम वेगळं काढायचं. आधी १.९, ज्यात फक्त जँगो ४.२ आणि डोळ्यांना दिसेल असं काहीच नवीन नाही. त्यानंतर २.० मध्ये बाकीचं.

पहिला निर्णय: तारखा कुणाच्या?

चौथा पर्याय आणि तिसऱ्यातली ‘ठरलेली तारीख’ यावर एकमत झालं. कोहाचे महिने मात्र एका भेटीत मोडले.

पेठेतल्या त्याच ताईंना मी मे आणि नोव्हेंबर सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, टेबलावर पसरलं आणि लाल पेननं फुल्या मारायला सुरुवात केली. मार्च पूर्ण गेला, कारण हिशेब बंद करायचे. एप्रिलचा पहिला पंधरवडा गेला, वर्गणीच्या नूतनीकरणात. गणपतीचे दिवस गेले, व्याख्यानं आणि वर्गणीदारांची धावपळ. दिवाळीपासून पुढे जानेवारीच्या मध्यापर्यंत अंकांची योजना. नोव्हेंबरच्या पानावर त्यांनी दोन आडव्या रेघा मारल्या. ‘आणि दिवाळीच्या आधी एक-दीड महिना तरी नवीन काही नको, हात बसायला वेळ लागतो’, असं म्हणून गणपती ते दिवाळी हा सगळा पट्टाही त्यांनी रंगवला.

उरलं काय? एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत एक मोठी खिडकी आणि जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत एक छोटी. आणखी पाच वाचनालयांना विचारलं. दोन-चार दिवसांचा फरक सोडला तर सगळ्यांचं उत्तर सारखंच आलं. एवढी वर्षं हा प्रश्न आम्ही कुणालाच विचारला नव्हता याचं मला आजही वाईट वाटतं.

ठरलं ते असं: १.९ एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी. २.० ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि गणेश चतुर्थीच्या आधी तीन आठवडे ही शेवटची मर्यादा. ती हुकली तर थेट जानेवारी. मधे फक्त बिघाडाच्या दुरुस्त्या.

यात एक धोका आम्ही समजून घेतला. जँगो ३.२ चा आधार संपल्यावर काही आठवडे वाचनालयं त्याच्यावरच राहणार होती. बहुतेक संगणकांवर सॉफ्टवेअर फक्त त्या एका खोलीत चालतं, बाहेरून कुणी पोचत नाही, म्हणून तो आम्ही स्वीकारला. दोन वाचनालयांची पुस्तकयादी मात्र इंटरनेटवर उघडी होती. त्यांना फेब्रुवारीतच हातानं नव्या आवृत्तीवर नेलं.

दुसरा निर्णय: विंडोज ७

विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, पण आमच्याकडच्या नऊ वाचनालयांत तेच होतं. त्यांना ‘नवा संगणक घ्या’ सांगणं सोपं आहे. अनुदानाचा हप्ता हातात पडेपर्यंत लेखनिकाचं मानधन थकलेलं असतं, तिथे संगणक कुठून येणार?

इथे आकड्यांनी मदत केली. पायथन ३.९ विंडोज ७ वर चालत नाही, ३.८ चालतं. जँगो ५.० ला किमान पायथन ३.१० लागतं, पण ४.२ ला ३.८ पुरतं. शिवाय ४.२ ही दीर्घ आधाराची आवृत्ती, एप्रिल २०२६ पर्यंतची. म्हणून इन्स्टॉलरमध्ये पायथन ३.८ ठेवून ४.२ वर जायचं ठरलं. ३.८ चाही आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपणार होता, हे त्या नऊ वाचनालयांना पत्रानं स्पष्ट कळवलं: २.० ही तुमच्या संगणकावर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती, तिच्यातल्या गंभीर दुरुस्त्या एप्रिल २०२६ पर्यंत मिळतील. दोन वर्षं आधी सांगितल्यामुळे पाच वाचनालयांनी पुढच्या अंदाजपत्रकात संगणक धरला.

१.९ ठरल्याप्रमाणे २७ एप्रिलला गेलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ‘हे पुढच्या आवृत्तीत चालणार नाही’ असे जँगोचे इशारे आधी ३.२ वरच चालू करून एकेक मिटवले, मग ४.२ वर उडी मारली. चाचणी करणाऱ्या शिक्षिकांना निवडणुकीच्या कामाची नेमणूक होती (पुण्याचं मतदान १३ मेला होतं), म्हणून त्यांची चाचणी मार्चमध्येच उरकली होती.

तिसरा निर्णय: मोबाइलचं पान बाहेर

२.० साठी फ्रीझ १५ जूनला होता. त्या दिवशी जे मुख्य शाखेत मर्ज झालेलं असेल तेवढंच जाणार. शोध आणि छपाई झाली होती. मोबाइलचं पान झालं नव्हतं.

ते काम त्या विद्यार्थ्यानं चार महिने, परीक्षा सांभाळून केलं होतं. काम चांगलं होतं, फक्त लॉगिनचा भाग अपुरा होता, आणि सभासदांचे फोन नंबर ज्यात आहेत अशी गोष्ट अपुरी देता येत नाही. दोन आठवडे वाढवून द्यावेत असं दोघांचं मत पडलं. मी नाही म्हटलं. निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन.

सांगण्याची पद्धत चुकली. मी ते बैठकीत, सगळ्यांसमोर, यादी वाचता वाचता सांगितलं: ‘मोबाइल २.१ मध्ये.’ तो काही बोलला नाही. चहा न घेताच निघाला. पुढचे तीन आठवडे त्याचा एकही मेसेज नव्हता. शेवटी मी कर्वेनगरला त्याच्या खोलीवर गेले. तो म्हणाला, ‘ताई, काम पुढे गेलं त्याचं काही नाही. जूनची तारीख एवढी पक्की आहे हे मला जानेवारीत कळलंच नव्हतं. मला वाटलं, माझं होईपर्यंत थांबाल, नेहमीसारखं.’ त्याचं बरोबर होतं. आधीची सगळी रिलीज अशीच थांबली होती. नियम बदललाय हे आम्ही जुन्या चौघांनी गृहीत धरलं आणि त्याला नीट बसवून सांगितलंच नाही.

त्याच दिवशी त्या खोलीत बसून आम्ही त्याच्या कामाचे तीन तुकडे केले. पहिला, लॉगिन नसलेला, फक्त पुस्तकयादी दाखवणारा.

रिलीज कँडिडेट आणि पाऊस

२० जुलैला रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजच्या आधी चाचणीसाठी दिलेली आवृत्ती, सात वाचनालयांना दिला. मूळ तारीख ३ ऑगस्ट.

२३ जुलैला मावळातल्या एका ग्रंथपाल बाईंचा फोन आला. ‘दऱ्या’ शोधलं की काहीच येत नाही आणि ‘दर्या’ शोधलं की दऱ्यांची पुस्तकं येतात. हे ऐकताक्षणी माझ्या पोटात गोळा आला, कारण नव्या शोधाचं मुख्य काम तेच होतं. ‘ऱ्य’ मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावतात, तर काही साध्या र ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. ‘ॲ’ चंही तसंच, एकसंध अक्षर किंवा अ वर चंद्र. एका कीबोर्डवर नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्यावरून सापडत नाही ही वर्षानुवर्षांची तक्रार होती.

आमच्या कोडनं अदृश्य चिन्हं आधी पुसली आणि अक्षरं एकरूप करण्याचं काम नंतर ठेवलं. जोडचिन्ह पुसलं की साध्या र चा रफार होतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. क्रम उलटा करायला चार ओळी पुरल्या. पण आमच्या चाचण्यांमधले सगळे शब्द आम्ही सहा जणांनी एकाच प्रकारच्या कीबोर्डवर टाइप केले होते, म्हणून त्या चाचण्या कधीच लाल झाल्या नाहीत, म्हणजे नापास झाल्या नाहीत. बाईंच्या वाचनालयातली यादी तीन वेगवेगळ्या लेखनिकांनी पंधरा वर्षांत भरलेली होती.

दुसरा कँडिडेट २६ जुलैला द्यायचा होता. २५ जुलैला रात्रभराचा पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेलं पाणी यामुळे सिंहगड रस्त्याच्या नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. काका सुखरूप होते, पण तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं आणि इन्स्टॉलर बनवणारा संगणक त्याच खोलीत होता. कोड सगळ्यांकडे होता. इन्स्टॉलर कसा बनतो हे फक्त काकांना ठाऊक होतं, आणि त्यावर सही करायची किल्ली (तो आमचाच आहे हे पटवणारी डिजिटल सहीची फाइल) फक्त त्या संगणकात आणि एका पेन ड्राइव्हवर.

चार-पाच दिवस आम्ही त्यांच्या घरातला गाळ काढायला जात होतो. रिलीजचा विषय कुणी काढला नाही. तो काकांनीच काढला, ओल्या पुस्तकांना पंख्याखाली ठेवता ठेवता. पेन ड्राइव्ह वरच्या फळीवर होता, वाचला होता. मग ते सांगत गेले आणि मी माझ्या लॅपटॉपवर एकेक पायरी करत, लिहून घेत गेले. एकूण एकोणीस पायऱ्या निघाल्या. त्यातल्या तीन त्यांनाही कुणी विचारेपर्यंत आठवत नव्हत्या.

निकाल

२.० हे १७ ऑगस्टला गेलं. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे मर्यादेच्या नेमक्या दिवशी. १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनानंतर सुरू झालेल्या अंक योजनेत एकच दुरुस्ती द्यावी लागली, पावतीवर लांब नाव कापलं जात होतं ती. पेठेतल्या ताईंनी वही काढली होती, पण पहिल्या आठवड्यानंतर त्यात नोंदी नाहीत. मी पाहिली आहे.

मोबाइलवरची पुस्तकयादी २.१ मध्ये, १८ जानेवारी २०२५ ला गेली. तोवर त्या विद्यार्थ्याला नोकरी लागली होती. तरीही त्या शनिवारी तो आला.

आज वेगळं काय केलं असतं

फ्रीझची तारीख प्रत्येकाला वेगळं बसून सांगितली असती, आणि एखाद्याचं काम पुढे ढकलायचं असेल तर बैठकीच्या आधी त्याला फोन केला असता. आता तसं करतो.

इन्स्टॉलरच्या पायऱ्या लिहून ठेवायला पूर यायची गरज नव्हती. आता प्रत्येक रिलीजला इन्स्टॉलर वेगळी व्यक्ती बनवते आणि किल्लीच्या प्रती तीन घरांत आहेत, त्यातलं एकही नदीकाठी नाही.

शोधाच्या चाचण्यांसाठी शब्द आम्ही बनवायचेच नव्हते. वाचनालयांच्या खऱ्या याद्या, सभासदांची माहिती काढून टाकून, मागून घ्यायच्या होत्या. हे अजून अर्धवटच झालंय, सहा वाचनालयांच्या याद्या आल्या आहेत.

१५ जून ते २० जुलै हे पाच आठवडे मी जास्त दिले असं मला वाटतं. कँडिडेट जूनअखेर देता आला असता तर पावसाच्या आधीच सगळं संपलं असतं. बाकीच्यांना हे पटत नाही. शाळा-कॉलेजं सुरू होण्याच्या आणि पालखीच्या दिवसांत वाचनालयं चाचणीला वेळ देणार नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे. यावर अजून एकमत नाही.

आणि तारखा दर वर्षी नव्यानं काढाव्या लागतात. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले, म्हणून मर्यादा ६ ऑगस्टवर आली आणि फ्रीझ जूनच्या पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तीन आठवडे मागे गेलं की २४ ऑगस्ट, सोमवार. म्हणून शनिवार २२ ऑगस्ट ही तारीख ताईंच्या भिंतीवर लाल पेननं लिहिलेली आहे.